दर्याप्रसादचं शिवलेलं पोतं

१० नोव्हेंबर १९६१

भाऊबीज होऊन गेली होती आणि मी ओटीवर ट्रंक उघडून सामान भरत होते. दोन साड्या, लोकरीची बंडी, टॉर्च, आमसुलांची पुडी, दोन नारळ, वही आणि पेन्सिली एवढं नीट बसलं. एक पोतं काही बसेना. जाड विणीचं, लांबीला बेताचं, नव्वद वर्षांपूर्वीचं पोतं. तोंड शिवलेलं आणि आत काही नाही. पोटावर काळ्या रंगात एक खूण, चौकोनात त्रिशूळ. मला हवी होती फक्त ती खूण. तेवढा तुकडा कापून घ्यावा आणि बाकीचं घरी ठेवावं म्हणून मी कात्री हातात घेतली.

"कातर ठेव गो खाली," आते माजघरातून म्हणाली. माझी आते ऐंशीची आहे. तिला एरवी हाका ऐकू येत नाहीत, पण कात्री बरोबर ऐकू येते. "माज्या आज्यान ह्या पोत्याची शिवण कोणाक उसवूक दिल्यान नाय. तू कोण लागून गेलंस?"

वाद घालण्यात बोट चुकली असती. मी पोत्याची घडी केली आणि वळकटीत घातली.

आता ह्या पोत्याची हकिकत सांगायला हवी, नाहीतर एक कोकणातली मुख्याध्यापिका दिवाळीच्या सुटीत बुलढाणा जिल्ह्यात कशाला गेली, हे कळायचं नाही.

देवगडच्या दक्षिणेला आमचं लहानसं गाव आहे. गावाच्या खाडीच्या तोंडाशी खडकांवर 'दर्याप्रसाद' नावाचं शिडाचं गलबत फुटलं. मोठ्या ओहोटीला त्याच्या लाकडी फासळ्या अजून वर येतात आणि त्यांवर कालवं धरतात. गलबताचा तांडेल, म्हणजे मुख्य, होता माझा पणजोबा विठू. मुंबईहून मलबारात माल नेत असता वादळ झालं. विठू आणि तीन खलाशी पोहून काठाला लागले, दोघे गेले. दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्याला पोती लागू लागली. लोक धावले. प्रत्येक पोतं रिकामं, आणि प्रत्येकाचं तोंड शिवलेलं. गावानं झटकन हिशेब मांडला. शिवलेल्या पोत्यात माल नाही, तेव्हा माल भरलेलाच नव्हता. तो विठूनं वाटेत विकला, रिकामी पोती शिवून रचली आणि गलबत मुद्दाम खडकावर घातलं. दोन खलाशांचे जीवही त्याच्याच माथी आले.

विठू म्हणायचा, पोत्यांत वऱ्हाडातला खार होता, तो पाण्यात विरघळला. ह्यावर तर गाव पोट धरून हसलं. आमच्याकडे मिठागरं आहेत. डोंगरापलीकडून समुद्राकडे मीठ कोण पाठवील? विठू ती पोती घेऊन मुंबईला गेला, महिन्यानं परत आला, एक पोतं घेऊन आला आणि म्हणाला, "मालाच्या धन्यानं मला मोकळं केलं." तेही कोणी खरं धरलं नाही. तेव्हापासून आमचं घर म्हणजे 'रिकाम्यांचं घर'. पोस्टमन हेच म्हणतो. माझ्या शाळेतली मुलं माझ्यामागे मला रिकामीबाई म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. नावाला मी घाबरत नाही. पण ह्या वर्षी ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीच्या निमित्तानं गावाच्या इतिहासाची पुस्तिका छापायची ठरली. ती लिहिली बापूकाकांनी. ते निवृत्त तलाठी आहेत, अक्षर सुंदर आहे. त्यांच्या हस्तलिखितात स्वच्छ लिहिलं होतं, 'विठू तांडेल याने माल परस्पर विकून गलबत बुडविले व दोन इसमांच्या मृत्यूस कारण झाला.' आणि ही पुस्तिका माझ्याच शाळेत, माझ्याच हातून वाटायची होती.

"मग पुरावा आणा, बाई," बापूकाका म्हणाले. "महिनाअखेर मजकूर छापखान्यात जातो. तोंडी बचाव नव्वद वर्षं झाला."

खरं सांगते, विठूच्या खारावर माझाही विश्वास नव्हता. वऱ्हाडातून येतो तो कापूस, हे मी भूगोलात शिकवते. विठूनं घाबरून काहीबाही सांगितलं असणार. कापूसच होता आणि तो भिजून तळाला गेला, असं मी धरून चालले होते. मग शिवलेली पोती रिकामी कशी, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खामगावच्या कापूसबाजारात खुणेचा धनी सापडला की तेही सापडेल, असं म्हणून मी बोटीत बसले.

खामगाव

बोट आणि आगगाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मला बसायला जागा मिळाली एवढं पुरे.

खामगावला कमल राहते. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोघी एका खोलीत होतो. ती इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवते. तिनं पहिल्याच जेवणात ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा मी आमच्याकडच्या चटणीसारखा घेतला, म्हणजे चमचाभर. त्यानंतरची पाच मिनिटं मी बोलू शकले नाही. कमल शांतपणे म्हणाली, "पंचवीस वर्षं मी तुझ्या मासळीच्या वासाबद्दल ऐकून घेतलंय. आता फिटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला तिच्या सासऱ्यांच्या शेतावर घेऊन गेली. कपाशीची पहिली वेचणी होती आणि त्याआधी सीतादहीची पूजा. वेचणाऱ्या बायकांनी शेताच्या कोपऱ्यातल्या एका झाडाला हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला, थोडा चारी दिशांना उडवला आणि मगच ओटी बांधून वेचायला लागल्या. आम्ही नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ टाकतो ते आठवलं. आमचा नारळ लाटेबरोबर परत येतो आणि पोरं तो खातात. इथला दहीभात चिमण्यांनी आमच्यादेखत संपवला. देवाला देण्याची रीत सगळीकडे सारखीच व्यवहारी आहे.

दुपारी आम्ही एका जिनात गेलो. कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला इकडे जिन म्हणतात. अंगणात कापसाच्या गाड्या उभ्या, हवेत तंतू, बैलांच्या पापण्याही पांढऱ्या झालेल्या. तिथे नत्थूजी चाळीस वर्षं मापाडी आहेत. ह्या भागातल्या सगळ्या जुन्या पेढ्यांच्या खुणा त्यांना तोंडपाठ, असं कमलनं सांगितलं होतं. मी वळकटीतून पोतं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते उचललं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पोत्याकडे पाहिलं.

"बाई, हे कापसाचं म्हणून आनलं का तुमी?"

"हो."

"समुद्रावरून?"

"हो."

"बाप्पा!" ते मागे वळून हमालांना म्हणाले, "पाहा रे, बाईनं कापसाचं पोतं आनलं." आणि त्यांनी कोपऱ्यातला कापसाचा बोरा दाखवला. तो माझ्या उंचीचा होता आणि त्यात मी दोनदा मावले असते. "कापूस हलका अस्ते, बाई. ह्या एवढ्याशा पोत्यात कापूस भरला त माहा नातू एका हातानं फेकन. हे जड मालाचं पोतं हाय. बैलाच्या पाठीवर, एक इकून, एक तिकून. अन् अंबाडीचं हाय. इकडचं नाही. मेहकरकडलं."

"जड माल म्हणजे काय?"

"पाहू ना, आत काही चिकटलं असन त." त्यांनी कमरेचा चाकू काढून शिवणीला लावला.

मी पोतं ओढून घेतलं. आतेमुळे नव्हे. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय सुरी लावायची नाही, हा माझ्या शाळेतला नियम आहे, आणि तो मीच कालपरवा मोडायला निघाले होते, हे आठवून मला जरा राग आला होता.

"ऱ्हाऊ द्या मंग," नत्थूजी हसले. "मले लहानपणचं आठवते. असे पोते घेऊन लमाण येत. आमच्या गल्लीतले रंगारी घेत. लोणारचा खार. रंग पक्का बसाले लागते नं."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"खार. लोणारच्या तळ्याचा. काऊन? काय झालं?"

काही झालं नव्हतं. एवढंच, की घरातल्या माणसाचं न ऐकता मी चाळीस वर्षं गावाचं ऐकलं होतं, हे एका मापाड्यानं पाच मिनिटांत दाखवून दिलं.

"ह्या खुणेचं म्हनाल त," ते त्रिशूळावर बोट फिरवत म्हणाले, "लोणारच्या अलीकडे सुलतानपूर लागते. तिथी खारवाल्यायचं एक जुनं घर हाय. म्हातारी जित्ती असन त तिले पुसा."

सुलतानपूर

खामगावहून मेहकर आणि मेहकरहून सुलतानपूर, दोन एस.टी. आणि एक पंक्चर. पंक्चर काढताना सगळे उतारू हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर बसले आणि प्रत्येकानं मला कुठलं गाव विचारलं. समुद्राकाठचं म्हटल्यावर एकानं विचारलं, "मंग तिकडे पानी भरपूर असन?" मी म्हटलं, पिण्याचं नाही. त्यानं मला फसवल्यासारखा चेहरा केला. इथली जमीन काळी, सपाट आणि लांबवर उघडी. आमच्याकडे दहा पावलांत चढ नाहीतर माड आडवा येतो. इथे संध्याकाळी गावाकडे परतणारी बैलगाडी अर्धा तास आधी दिसते.

खारवाल्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. घरचे रामभाऊ पन्नाशीचे, शेती करतात, कांदा आणि वांगी लावतात. त्यांची आई गंगाबाई ओसरीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोन हाय वं?"

"समुद्राकडची बाई आली, माय," रामभाऊ म्हणाले. "खारायचं पुसते."

"समुद्र म्हंजे लोणारपरीस मोठा असन?"

"मोठा आहे," मी म्हटलं.

"पानी खारं?"

"खारं."

"मंग खार निघत असन तुमच्याकडं बी."

"मीठ निघतं."

"मीठ त मीठ. खार त खार." गंगाबाईंनी मला वर्गातल्या ढ मुलीसारखं समजावलं. "मिठानं कपडा निघते का? रंग बसते का? पापड फुलते का? खार तुमच्या समुद्रात नाही. म्हनून त आमचे लोक तुमच्याकडं पाठवत."

नव्वद वर्षांच्या थट्टेचं उत्तर बाईंनी चार प्रश्नांत दिलं. माझ्या गावात कोणी ते विचारलंच नव्हतं. पापडाला पापडखार आम्हीही घालतो आणि वाण्याकडून आणतो; तो कुठून येतो हे त्या वाण्यालाही ठाऊक नसेल.

मी नारळ आणि आमसुलं पुढे ठेवली. नारळ रामभाऊंच्या बायकोनं डोक्याला लावून सरळ देवघरात नेला. खोबरं खायची गोष्ट कोणाच्या मनातही आली नाही. आमसुलं गंगाबाईंनी चाचपली. "हे काय वं? वांग्याच्या सालट्या वाळवल्या का?" मी एक चाखायला दिलं. त्यांनी एक डोळा मिटला, बराच वेळ मिटून ठेवला आणि म्हणाल्या, "तोंडाले झोंबते. बरं हाय. पुडी इथंच ऱ्हाऊ दे."

मग मी पोतं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी खुणेला हात लावला नाही. दिसत नव्हती, म्हणून लावून उपयोग नव्हता. त्यांची बोटं सरळ तोंडाच्या शिवणीवर गेली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत राहिली. ओठ हलत होते. सात मोजल्यावर थांबायच्या, पुन्हा सात. शेवटाला पोचल्यावर त्यांनी मान वर केली.

"सात टाके सुलटे, आठवा उलटा. हा आमच्या घरचा टाका हाय. माह्या आजेसासूनं मले शिकवला. पोते भरले का बायाच शिवत. दुसऱ्या कोन्या घरात उलटा आठवा नव्हता." त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "अन् हे वरून आडवं काय हाय? दोऱ्याचं? राम्या, पाह्य बरं, तांबडा हाय का?"

त्या शिवणीवर आडवा एक बारीक दोरा घातलेला आहे. मी तो आयुष्यभर पाहिलेला. मळून तपकिरी झालाय. रामभाऊंनी पोतं उन्हात नेलं आणि घडीच्या आतला दोरा नखानं वर केला. आत तो अजून तांबडा होता.

"तांबडाच हाय, माय."

गंगाबाईंनी पोतं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. मला काही कळेना. मी विचारलं, काय आहे ते सांगा.

"तुमचा कोन लागे हा मानूस?"

"पणजोबा."

"त्याचा माल पान्यात गेलता?"

"हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"पोतंच सांगते नं." आणि त्यांनी रामभाऊंना दाराकडे खूण केली.

मी मागे वळून पाहिलं. घराच्या दर्शनी दाराशेजारी, भिंतीवर, खुंटीला एक पोतं टांगलेलं होतं. आत येताना मी ते पाहिलं होतं आणि ह्या घरात पोती कुठेही टांगतात, असं मनात म्हणून पुढे आले होते. रामभाऊंनी ते काढून माझ्या पोत्याशेजारी ठेवलं. तीच लांबी, तीच वीण, तोच त्रिशूळ. तोंड शिवलेलं. आत काही नाही. शिवणीवर आडवा तांबडा दोरा.

मग गंगाबाईंनी रीत सांगितली. खाराची पोती बैलांच्या पाठीवरून नद्या ओलांडत जात. बैल कधी कधी भर पाण्यात बसे. बसला की खार गेला; पोतं तासाभरात रिकामं होई, फक्त चिखल उरे. पण तोंडाची शिवण तशीच राही. ज्यानं माल चोरून विकला असेल त्याला शिवण उसवावीच लागे, आणि उसवलेली शिवण आठव्या उलट्या टाक्यासकट पुन्हा घालणं घरच्या बायकांखेरीज कोणाला जमत नसे. म्हणून ज्याचा माल पाण्यात गेला, त्यानं ते शिवलेलं रिकामं पोतं परत आणून दाखवायचं. घरच्या माणसानं टाके तपासायचे. टाके शाबूत असले की वरून एक तांबडा दोरा घालून पोतं त्यालाच परत द्यायचं. तो माणूस सुटला. मालाचं कोणी त्याला विचारायचं नाही.

"आमचा एक मानूस मुंबईले बसे," त्या म्हणाल्या. "मालाच्या जहाजाचं थोच पाहे. त्यानंच टाकला असन हा दोरा. हे आमचं पोतं माह्या आजेसासऱ्याच्या भावाचं. मेहकरच्या नदीत त्याचा बैल बसला. सख्खा भाऊ, पन त्याले बी पोतं दाखवा लागलं."

विठूच्या बोलण्यातला शब्द न् शब्द खरा होता. खार होता, विरघळला, धन्यानं मोकळं केलं. ज्या शिवणीवरून आमच्या गावानं त्याला चोर ठरवलं, तीच शिवण इथे माणूस सचोटीचा असल्याची खूण होती.

"मंग एवढे दिवस कोठी होतं हे?" गंगाबाईंनी विचारलं.

"माळ्यावर. अडगळीत."

"काऊन? आमच्यात त दारावर टांगतेत. पोळ्याले त्याले हार घालतेत. लपवाचं काय हाय त्यात?"

मी पोत्याची घडी घातली, ह्या वेळी शिवण वर राहील अशी.

लोणार

पुराव्याला ऐकीव गोष्ट चालत नाही. मी रामभाऊंना म्हटलं, मला खार हवा, आणि तो जिथून निघतो ती जागा पाहायची. दुसऱ्या दिवशी आम्ही लोणारला गेलो.

सपाट माळावरून चालत असता पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली एवढी मोठी गोल वाटी दिसते की पलीकडच्या काठावरची गुरं मुंग्यांएवढी. तळाशी हिरवट पाणी, भोवती बाभळीचं रान, मधून मधून देवळांची शिखरं. उतरताना गोड्या पाण्याची एक धार लागते. तिथे बायका धुणं धूत होत्या आणि काठाशी खाऱ्या पाण्याला कुबट वास होता. दोन्ही पाण्यांत पन्नास पावलांचं अंतर नाही.

मी काठाच्या चिखलात पाऊल टाकलं आणि माझी चप्पल तिथेच राहिली. रामभाऊंनी काठीनं काढायचा प्रयत्न केला तेव्हा ती आणखी आत गेली.

"ऱ्हाऊ द्या, बाई. तळं घेते काही ना काही."

"दुसरी तरी काढून द्या."

"एक घालून काय करसान?"

बरोबर होतं. मी दुसरीही तिथेच ठेवली आणि अनवाणी चढले. कोकणात मी चिऱ्यांवरून अनवाणीच वाढले. ह्या चढणीचं मला काही वाटलं नाही. रामभाऊ मात्र तीनदा थांबले.

खार काठावर पांढरा धरतो तो उन्हाळ्यात, पाणी हटल्यावर. नोव्हेंबरात नाही. पण गंगाबाईंच्या घरी पापडांसाठी आणि धुण्यासाठी साठवलेलं मडकं होतं. त्यातला पाच शेर त्यांनी मला दिला आणि अंबाडीचं एक लहान नवं पोतंही. जिभेवर ठेवला तर आधी कडू, मग साबणासारखा. मीठ नव्हेच.

मेहकर

आता प्रश्न दुसऱ्या पोत्याचा. ते मी मागितलं तर गंगाबाई म्हणाल्या, "दारावरचं पोतं गावाबाहेर जात नाही."

"मग त्याचा फोटो काढू."

"मेहकरले जा लागन. पोतं एकटं नाही जाणार. मी संग येईन."

अशा रीतीनं गंगाबाई बऱ्याच वर्षांनी एस.टी.त बसल्या, पोतं मांडीवर घेऊन. कंडक्टरनं पोतं टपावर टाका म्हटलं. त्या म्हणाल्या, "तूच बस टपावर. हे पोतं तुह्या आजापरीस मोठं हाय." त्यानं तिकिटं फाडली.

फोटो स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर राजवाडा आणि हंस रंगवलेले होते. फोटोग्राफरनं आम्हाला दोन खुर्च्यांवर बसवलं, दोघींच्या मांडीवर शिवलेली रिकामी पोती पाहिली आणि विचारलं, "ह्यातली नवरी कोणती?"

"काढ बे मुकाट्यानं," रामभाऊ म्हणाले.

मी शिवणीचा एक वेगळा फोटो जवळून काढून घेतला. सुलतानपूरच्या शाळेच्या हेडमास्तरांनी गंगाबाईंचा जबाब लिहून घेतला, त्यांनी अंगठा दिला, रामभाऊंनी सही केली. निघताना गंगाबाई म्हणाल्या, "पुढच्या पोळ्याले आमच्या पोत्याले हार घालीन तव्हा तुमच्या आजाच्या नावानं बी एक फूल वाहीन. नाव काय म्हनता?"

"विठू."

"मंग त सोपं हाय."

गावी परत

मी गावी पोचले तेव्हा महिना संपायला चार दिवस होते. मी बापूकाकांकडे कागद घेऊन गेले नाही. निरोप पाठवला, की उद्या सकाळच्या ओहोटीला धक्क्यावर या आणि दाभण घेऊन या.

ते आले, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव आलं. मी खार त्यांच्या हातात दिला. त्यांनी चाखला, थुंकले. मी म्हटलं, ह्या नव्या पोत्यात तुम्हीच भरा आणि तोंड तुम्हीच शिवा, म्हणजे माझा हात लागला असं व्हायचं नाही. त्यांनी तलाठ्याच्या काळजीनं शिवलं, वर लाखेचा शिक्काही मारला. दर्याप्रसादच्या फासळीला पोतं बांधलं. भरती आली, फासळ्या बुडाल्या, मी शाळेच्या कपाटांची आवराआवर करायला गेले.

संध्याकाळी ओहोटी लागताच बापूकाका स्वतः लुंगी वर खोचून पाण्यात उतरले. आते डोलीसारख्या खुर्चीतून धक्क्यावर आली होती. बापूकाकांनी पोतं वर उचललं तेव्हा ते ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. लाख शाबूत. शिवण शाबूत. त्यांनी ते दाबलं, पिळलं. बोटभर चिखल निघाला.

बापूकाका तलाठी होते, त्यांनी सरळ हार मानली नाही.

"खार विरघळतो हे कळलं. विठूच्या पोत्यात खारच होता कशावरून?"

मी त्यांच्या ओल्या हातांना लागू नयेत अशा बेतानं फोटो पुढे धरले, मग जबाब, मग विठूचं पोतं. सात टाके सुलटे, आठवा उलटा, हे त्यांना मोजायला लावलं. त्यांनी मोजलं. तांबड्या दोऱ्यापाशी आले, घडी उलगडून आतला रंग पाहिला, गंगाबाईंचा जबाब पुन्हा एकदा वाचला. मग खिशातून पेन काढलं आणि तिथेच धक्क्याच्या कठड्यावर हस्तलिखित ठेवून ते वाक्य आडवी रेघ मारून काढलं.

"त्या जागी काय लिहू, बाई?"

"जे झालं ते."

त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. 'विठू तांडेल याच्या गलबतातील लोणारचा खार समुद्रात विरघळला. मालाच्या धन्याने शिवण तपासून त्यास निर्दोष ठरविले. गावाने मात्र नव्वद वर्षे त्यास चोर म्हटले, ही गावाची चूक होय.' शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं आहे, आणि त्याबद्दल मी त्यांना मानते.

आतेनं एवढंच विचारलं, "आता कातर लावशीत?"

"नाही."

"मी सांगलंलंय तुका," ती म्हणाली आणि घरी न्या म्हणाली, थंडी वाजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोतं झटकून उन्हात घातलं. हातोडी काढली, दर्शनी दाराशेजारी, रस्त्यावरून दिसेल अशा बेतानं एक मोठा खिळा ठोकला आणि पोतं टांगलं, तांबड्या दोऱ्याची बाजू बाहेर करून. पोस्टमन आला, थांबला, बघत राहिला. मी त्याच्या हातातून पत्रं घेतली, नवी चप्पल घातली आणि शाळा उघडायला गेले.